किब्ल्याची सनद

मुसलमानांनी नमाजाच्या वेळी मक्केच्या काब्याकडे तोंड करावे या शिरस्त्याला खुद्द कुराणात आधार नाही, असे प्रतिपादन अलीकडे वारंवार कानांवर येऊ लागले आहे. आणि ते करणारे सगळे एकाच छावणीतले नसून, हदीसचे, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या आठवणींचे, वाङ्मय समूळ त्याज्य ठरवून केवळ कुराणाला प्रमाण मानणारे काही मुसलमान, इस्लामचा आरंभेतिहास पायापासून नव्याने मांडू पाहणारे काही पाश्चात्त्य लेखक आणि परधर्माची उणीदुणी काढण्यात ज्यांना स्वधर्माची सेवा घडल्याचे समाधान लाभते असे आपल्याकडील काही वादपटू, अशी ही विजोड मंडळी या एका मुद्द्यावर एकवटली आहेत. त्यांच्या फिर्यादीचा मसुदा साधारणपणे असा असतो : मक्का शहराकडे तोंड करा असे शब्द कुराणात नाहीत, पूर्वीचा किब्ला, म्हणजे नमाजाची दिशा, कोणता होता, हेही कुराण सांगत नाही, उलट पूर्व आणि पश्चिम दोन्ही ईश्वराच्याच आहेत, असे तोच ग्रंथ सांगतो, आणि पहिल्या शतकातील मशिदींच्या भिंती मोजून पाहिल्या तर त्या मक्केकडे वळलेल्या आढळत नाहीत, सबब हा सारा प्रकार मागाहून रचलेला आहे. प्रस्तुत लेखक मुसलमान नाही, आणि किब्ला ईश्वरदत्त आहे की मनुष्यनिर्मित, या प्रश्नाचा निवाडा करण्याचा त्याला अधिकारही नाही. परंतु ग्रंथात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न श्रद्धेचा नसून वाचनाचा आहे, आणि तो कोणीही डोळे उघडे ठेवून तपासू शकतो.

कुराणाच्या दुसऱ्या सूरेतील, म्हणजे अल्-बकरा या सर्वांत दीर्घ प्रकरणातील, १४२ ते १५० या नऊ आयती एकसलग वाचल्या म्हणजे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की किब्ल्याच्या बदलावर आक्षेप घेतला जाईल याची त्या ग्रंथाला पुरती कल्पना होती; कारण हुकूम देण्यापूर्वीच, यांना यांच्या आधीच्या किब्ल्यापासून कोणी फिरवले असे मूढ लोक विचारतील, असे सांगून त्या विषयाला आरंभ होतो. त्यानंतर पैगंबराचे मुख वारंवार आकाशाकडे वळत असल्याचे वर्णन येते, त्याला रुचेल असा किब्ला देण्याचे अभिवचन येते, आणि मग ज्या मशिदीला अल्-मस्जिद अल्-हराम, म्हणजे पवित्र मशीद, म्हटले आहे तिच्याकडे तोंड करावे असा स्पष्ट आदेश येतो. हा आदेश १४४, १४९ आणि १५० अशा तीन आयतींत आला असून, तुम्ही जेथे कोठे असाल तेथून, अशी पुस्ती त्यांपैकी दोहोंत जोडलेली आहे. एवढी पुनरुक्ती ज्या आज्ञेची आहे तिला ग्रंथाधार नाही असे म्हणणाऱ्याने निदान ती नऊ वाक्ये तरी आपल्या वाचकांपुढे ठेवायला हवी होती.

यावर प्रतिपक्ष म्हणतो की पवित्र मशीद म्हणजे मक्केतलीच, हे कशावरून? अठ्ठेचाळिसाव्या सूरेच्या २४व्या आयतीत मक्केच्या खोऱ्याचा नाव घेऊन उल्लेख आहे, आणि लगेच पुढच्या आयतीत, विरोधकांनी तुम्हांला त्या पवित्र मशिदीपासून अडवले, असे म्हटले आहे. पाचव्या सूरेच्या ९७व्या आयतीत काबा हे पवित्र गृह असल्याचे शब्द आहेत. मक्का हे नाव या रूपात संपूर्ण कुराणात एकदाच येते आणि काबा हे नाव दोनदा, ही गोष्ट खरी; पण ज्या श्रोत्यांना उद्देशून तो ग्रंथ होता त्यांना आपल्या गावाचा पत्ता पानोपानी सांगण्याचे प्रयोजन नव्हते. इनामाची सनद ज्यांनी हाताळली असेल त्यांना ठाऊक असते की सनदेत गावाचे नाव असते, इनामदाराचे नाव असते, फार तर चतुःसीमा असतात; बांध नेमका कोणत्या झाडापाशी वळतो, हे मोजणीदार साखळी टाकून ठरवतो, आणि दोन मोजणीदारांच्या मापांत तफावत पडली म्हणून मूळ सनदच बनावट होती असा अर्ज कोणी मामलेदारापुढे गुदरला तर तो पहिल्याच तारखेस निकालात निघतो. किब्ल्याविषयीच्या वादात नेमके हेच घडले आहे. कुराण जागा सांगते, अंश सांगत नाही. आणि आक्षेपक मोजणीतील तफावतीचा दाखला देऊन सनद खोटी ठरवू पाहतात.

मात्र एका बाबतीत प्रतिपक्षाचे म्हणणे निमूटपणे मान्य केले पाहिजे, आणि परंपरेच्या कैवाऱ्यांनी ते मान्य करण्यात जो संकोच दाखवला आहे तो अनाठायी आहे. आधीचा किब्ला जेरुसलेमचा होता, हे कुराण खरोखरच कोठेही सांगत नाही. ते आपल्याला कळते हदीसवरून : मदिनेस आल्यावर पैगंबरांनी सोळा किंवा सतरा महिने बैतुल मुकद्दसकडे, म्हणजे जेरुसलेमकडे, तोंड करून नमाज पढला, असे अल्-बरा इब्न आझिब या सहाबीच्या, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याच्या, नावावर सांगितलेले वृत्त बुखारीच्या संग्रहात आहे, आणि हा बदल हिजरी २, म्हणजे इसवी सन ६२४ मध्ये झाला, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. जो केवळ कुराणच मानतो आणि हदीसचे सारे दप्तर बंद करून ठेवतो, त्याच्यापुढे १४२वी आयत एक न सुटणारे कोडे होऊन बसते, हे उघड आहे. पण त्यातून निष्पन्न काय होते? एवढेच, की तो ग्रंथ एका जिवंत समाजाशी बोलत होता, त्या समाजाला आपली वहिवाट ठाऊक होती, आणि ग्रंथाने ती गृहीत धरली होती. यातून किब्ला काल्पनिक होता असे ठरत नाही. ठरते ते हे की सनदेच्या मागे वहिवाट उभी होती, आणि केवळ सनदेवर विसंबून वहिवाटीकडे पाठ फिरवणाऱ्याला ती सनदही नीट वाचता येत नाही.

त्या वहिवाटीचे एक चित्र मदिनेजवळच्या कुबा येथील मशिदीच्या वृत्तांतात उरले आहे, आणि ते जवळून पाहण्यासारखे आहे. जेरुसलेम मदिनेच्या उत्तरेस, मक्का दक्षिणेस. त्यामुळे हा बदल म्हणजे थोडेसे वळणे नसून सरळ पाठीमागे फिरणे होते. पहाटेच्या नमाजात लोक उत्तरेकडे तोंड करून उभे असता एक माणूस येऊन सांगतो की रात्री आयत उतरली आहे आणि आता काब्याकडे तोंड करायचे आहे. आणि ती सगळी जमात, प्रार्थना न मोडता, होती तशीच उलटी फिरते. जो इमाम ओळींच्या पुढे होता त्याला आता सर्वांच्या मागून चालत दुसऱ्या टोकाला यावे लागले असणार, जे शेवटच्या ओळीत होते ते क्षणात पहिल्या ओळीत आले असणार. हा वृत्तांत इब्न उमर या सहाबीच्या नावावर आहे. त्याची ऐतिहासिकता ज्याला नाकारायची असेल त्याने खुशाल नाकारावी. पण मागाहून कोणी खोटी परंपरा रचायला बसला असता तर ईश्वराच्या नावाने चाललेली प्रार्थना चुकीच्या दिशेस सुरू होती आणि अर्ध्यावर फिरवावी लागली, अशी अडचणीची कथा त्याने कशासाठी घातली असती, याचे उत्तर नाकारणाऱ्याने द्यावे.

जिकडे वळाल तिकडे ईश्वराचे मुख आहे, या आशयाची ११५वी आयत आणि पुण्य हे पूर्वेस वा पश्चिमेस तोंड करण्यात नसून श्रद्धेत, दानात, वचन पाळण्यात व संकटात धीर धरण्यात आहे, या आशयाची १७७वी आयत, या दोहोंचा विरोधाभास म्हणून फार मोठा गाजावाजा केला जातो. या दोन्ही आयती किब्ल्याच्या आदेशाच्या एका बाजूस एक अशा, त्याच सूरेत, थोड्या पानांच्या अंतराने आहेत, ही साधी गोष्ट विसरली जाते. ज्याने आज्ञा दिली त्यानेच तिच्या अलीकडे व पलीकडे तिची मर्यादाही लिहून ठेवली आहे. फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मविधीच्या, पंडितांनीही त्याचा अर्थ असाच लावला : स्वारीवर असलेला प्रवासी ऐच्छिक नमाज जनावर जाईल त्या दिशेस पढू शकतो, काळोख्या रात्री दिशा न कळल्यास आपल्या बुद्धीने ठरवलेली दिशा पुरते, आणि शत्रूच्या भयाच्या प्रसंगी चालता चालता वा स्वारीवर प्रार्थना करण्याची मुभा तर याच दुसऱ्या सूरेच्या २३९व्या आयतीत आहे. २००७ मध्ये शेख मुझफ्फर शुकूर हा मलेशियाचा अंतराळवीर पृथ्वीभोवती फिरायला निघाला तेव्हा तेथील धर्मपंडितांनी त्याला, जमल्यास काब्याकडे, न जमल्यास काब्याच्या ऊर्ध्व रेषेकडे, तेही न जमल्यास पृथ्वीकडे, आणि काहीच न जमल्यास कोणत्याही दिशेस, असा उतरता क्रम आखून दिला. दिशेलाच देव मानणाऱ्या धर्मात असा शेवटचा पर्याय निघाला नसता.

येथेच आपल्याकडील जुन्या आक्षेपाचा परामर्श घेणे प्राप्त आहे. स्वामी दयानंदांनी सत्यार्थप्रकाशाच्या चौदाव्या समुल्लासात किब्ल्याला मूर्तिपूजाच ठरवले आहे. आमची मूर्ती लहान, तुमची मोठी, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. रुडकीच्या मुक्कामी दयानंदांनी असेच आक्षेप घेतले असता देवबंदच्या दारुल उलूमचे एक संस्थापक मौलाना मुहम्मद कासिम नानौतवी यांनी त्याला उत्तर म्हणून ‘किब्लानुमा’ हा स्वतंत्र ग्रंथच लिहिला, हा एकोणिसाव्या शतकातील वादवाङ्मयाचा एक वाचनीय अध्याय आहे. त्या वादात न पडता एका घटनेकडे लक्ष वेधतो. इसवी सन ६८३ मध्ये उमय्या खलिफांच्या सैन्याने मक्केला वेढा दिला असता काब्याला आग लागली, आणि पुढे अब्दुल्ला इब्न अझ्-झुबैर याने ती खिळखिळी झालेली इमारत पायापर्यंत पाडून पुन्हा बांधायला घेतली. भिंती वर येईपर्यंत त्याने तेथे खांब रोवून त्यांवर पडदे लावले आणि लोक त्या पडद्यांकडे तोंड करून नमाज पढत राहिले, असे सहीह मुस्लिममधील वृत्त सांगते. इमारत नाही, दगड जागचे हललेले, मध्ये फडफडणारे कापड. तरी प्रार्थनेत खंड नाही. १६३० च्या पुरात भिंती कोसळल्या व सुलतान चौथ्या मुरादच्या अमदानीत त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हाही जगभरच्या मशिदींतील किब्ला दाखवणारे मिहराब कोणी फिरवले नाहीत. अर्थात, आम्हीही पाषाणाला नव्हे तर पाषाणाच्या निमित्ताने ईश्वरालाच भजतो, असे एखादा मूर्तिपूजक म्हणेल तर त्याला या घटनेने उत्तर मिळत नाही, आणि मिळण्याचे कारणही नाही. पण काबा ही मुसलमानांची मूर्ती आहे, हे विधान मात्र त्या फडफडत्या पडद्यांपुढे टिकत नाही.

आता उरला मशिदींच्या भिंतींचा मुद्दा, आणि तोच सध्या सर्वांत मोठ्या तोऱ्याने पुढे केला जातो. १९७७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक यांनी ‘हॅगरिझम’ या ग्रंथात, इराकमधील वासित येथे उमय्यांचा सुभेदार अल्-हज्जाज याने बांधलेली मशीद मक्केच्या खऱ्या दिशेपासून सुमारे तीस अंशांनी उत्तरेकडे ढळलेली असल्याचे दाखवून, मूळचे पवित्र स्थान वायव्य अरबस्तानात कोठेतरी असावे, असा तर्क केला. पुढे डॅन गिब्सन या कॅनडातील लेखकाने २०११ आणि २०१७ मधील आपल्या पुस्तकांत हा तर्क पार टोकाला नेला : पहिल्या मशिदी जॉर्डनमधील पेट्रा या नबाती नगराकडे तोंड करून होत्या, मुहम्मदाचे गाव पेट्राच होते, आणि इब्न अझ्-झुबैरने वेढ्याच्या धामधुमीत पवित्र स्थान मक्केला हलवले. कोष्टके, नकाशे, उपग्रहांची छायाचित्रे असा सगळा सरंजाम त्याच्यासोबत आहे. पण कोष्टक बारकाईने पाहिले तर एक गंमत दिसते. काही मशिदी पेट्राकडे, काही मक्केकडे, काही या दोहोंच्या मधल्या बिंदूकडे, आणि ज्या या तिन्हींत बसत नाहीत त्या पेट्रा-मक्का रेषेला समांतर, असे चार कप्पे त्याने केले आहेत. एवढे चार कप्पे हाताशी असल्यावर कोणती भिंत कोठेच बसणार नाही?

मुळात सातव्या शतकातला मनुष्य एखाद्या दूरच्या गावाची दिशा कशी काढत होता, हा प्रश्न या मंडळींनी स्वतःला विचारलेला नाही. दोन गावांचे अक्षांश-रेखांश ठाऊक असून गोलीय त्रिकोणमिती अवगत असेल तरच आजची अचूक दिशा काढता येते, आणि त्या विद्येचा अरबांत उदय नवव्या शतकात झाला. अल्-बिरूनीने गझनीचा किब्ला ठरवण्यासाठी जो ग्रंथ सिद्ध केला तो १०२५ च्या सुमाराचा. त्यापूर्वीचे लोक सूर्याच्या आणि ताऱ्यांच्या उदयास्तावरून दिशा धरत. इस्लामी खगोलशास्त्राचे इतिहासकार डेव्हिड किंग यांनी शेकडो हस्तलिखिते चाळून दाखवून दिले आहे की काब्याची इमारतच अशी बसलेली आहे की तिची लांब बाजू अगस्त्य ताऱ्याच्या उदयबिंदूशी आणि आखूड बाजू उन्हाळ्यातील सूर्योदय व हिवाळ्यातील सूर्यास्त यांच्याशी संबद्ध आहे. म्हणून इजिप्तमधील पहिल्या मुसलमानांनी हिवाळ्यातील सूर्योदयाकडे आणि इराकमधल्यांनी हिवाळ्यातील सूर्यास्ताकडे तोंड केले, जेणेकरून आपण काब्याच्या आपापल्या बाजूच्या भिंतीसमोर उभे आहोत, असे व्हावे. हिवाळ्यात त्या प्रदेशात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेस मावळतो. वासितचे ते तीस अंश कोठून आले, याचा शोध घ्यायला पेट्रापर्यंत जाण्याची गरज पडत नाही.

दिशा धरण्यात एकवाक्यता नव्हती, हे तर मुसलमान पंडितांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. समरकंदात अकराव्या शतकात हनफी विधिसंप्रदायाच्या मशिदी थेट पश्चिमेकडे होत्या, कारण हजचा रस्ता त्या बाजूने निघत असे. आणि शाफिई संप्रदायाच्या मशिदी थेट दक्षिणेकडे, कारण मदिनेत पैगंबर दक्षिणेकडे तोंड करीत. एकाच गावात नव्वद अंशांचा फरक, आणि दोघांच्याही मनात मक्काच! उद्या कोणी त्या दोन मशिदी मोजून, मध्य आशियात दोन निरनिराळे धर्म होते, असा निष्कर्ष काढला तर त्याला काय म्हणावे? काब्याच्या नेमक्या इमारतीकडे तोंड हवे की काब्याच्या बाजूस असले तरी चालते, याबद्दल शाफिई मत काटेकोर आणि हनफी मत सैल आहे. दोन्ही मते महाराष्ट्रात शेजारी नांदतात, कारण कोकणी मुसलमान बहुतांशी शाफिई आणि घाटावरचे हनफी. लोकव्यवहारात दोघेही पश्चिमच म्हणतात, परंतु मुंबईहून मक्केची खरी दिशा पश्चिमेच्या सुमारे दहा अंश उत्तरेला आहे. ज्याला पडताळा घ्यायचा असेल त्याने मे महिन्याच्या २७ किंवा २८ तारखेस दुपारी दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी अंगणात सरळ काठी रोवावी. त्या क्षणी सूर्य काब्याच्या बरोबर माथ्यावर असतो, आणि काठीची सावली जिकडे पडेल त्याच्या उलट बाजूस किब्ला. सोळा जुलैच्या आसपास हा योग पुन्हा येतो. इंडोनेशियातील उलेमांच्या परिषदेने २०१० मध्ये आधी पश्चिम आणि काही महिन्यांतच दुरुस्ती करून वायव्य असा फतवा काढला. तेथील मशिदी मक्केऐवजी आफ्रिकेकडे पाहत होत्या, म्हणून इंडोनेशियाचा धर्म आफ्रिकेत जन्मला, असे अद्याप तरी कोणी म्हटलेले नाही.

पेट्रावाद्यांचा एक साक्षीदार मात्र वजनदार आहे, आणि त्याची उलटतपासणी केल्यावाचून पुढे जाणे योग्य नव्हे. इसवी सन ७०८ मध्ये वारलेला एडेसाचा याकोब हा सुरियानी बिशप एका पत्रात लिहितो की इजिप्तमधील ज्यू आणि मुसलमान दोघेही पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, हे आपण स्वतः पाहिले आहे. ज्यू जेरुसलेमकडे आणि मुसलमान काब्याकडे. बसऱ्याकडील लोक पश्चिमेकडे करतात, आणि काब्याच्या दक्षिणेस राहणारे उत्तरेकडे. पेट्रा कैरोच्या जवळजवळ थेट पूर्वेस आहे आणि बसऱ्याच्या थेट पश्चिमेस, सबब याकोबचा काबा पेट्रात, असा निष्कर्ष पेट्रावादी यावरून काढतात. वरवर पाहता हा पुरावा बिनतोड वाटतो. परंतु त्याच वाक्यात याकोबने इजिप्तमधील ज्यूंनाही पूर्वेकडेच उभे केले आहे, आणि जेरुसलेम कैरोच्या पूर्वेस नाही, चांगलेच ईशान्येस आहे. याकोबच्या जबानीत होकायंत्राची अचूकता शोधायची तर इजिप्तचे ज्यू जेरुसलेम सोडून भलत्याच गावाकडे तोंड करीत होते, असेही मानावे लागेल. तो बिशप ढोबळ चार दिशांच्या भाषेत बोलत होता, जसे आपण मुंबईत पश्चिम म्हणतो. त्याच्या साक्षीतून निर्विवादपणे सिद्ध होते ते एवढेच, की सातव्या शतकाच्या अखेरीस एका परधर्मीय, तटस्थ माणसाला मुसलमानांच्या प्रार्थनेचे लक्ष्य काबा असल्याचे ठाऊक होते.

आणि शेवटी स्थलांतराची ती कथा. पेट्रापासून मक्का सुमारे हजार किलोमीटर दूर. इब्न अझ्-झुबैरने वेढ्याच्या काळात हे सारे हलवले असेल तर त्याचे शत्रू काही कमी नव्हते. उमय्यांनी त्याला ६९२ मध्ये ठार केले. खारिजी त्याच्यावर उलटले होते. शियांशी त्याचे हाडवैर होते. हे सर्व पक्ष परस्परांना काफिर म्हणायलाही मागेपुढे पाहत नसत. ओमानमधील इबादी, येमेनमधील झैदी, इराणातील इमामी आणि अंदलुसियातील उमय्ये, सगळे त्याच मक्केकडे वळतात, आणि काबा एका गावातून दुसऱ्या गावी नेल्याचा आरोप यांपैकी एकानेही दुसऱ्यावर केलेला नाही. हे लोक विसरभोळे होते म्हणावे, तर त्याच इब्न अझ्-झुबैरने काबा पुन्हा बांधताना हिज्र या काब्यालगतच्या जागेच्या बाजूचे पाच-सहा हात इमारतीत घेतले आणि एकाऐवजी दोन दरवाजे ठेवले, एवढ्या बदलावरून केवढा गहजब झाला त्याची तपशीलवार नोंद आहे. विजयानंतर खलिफा अब्दुल मलिकच्या मंजुरीने हज्जाजने ते पाच-सहा हात पुन्हा बाहेर काढले, एक दरवाजा बुजवला, आणि पैगंबरांनाही तसाच बदल करायचा होता अशी हदीस पैगंबरपत्नी आयेशाच्या नावावर खरीच आहे, असे मागाहून कळल्यावर अब्दुल मलिकने, आपण ते बांधकाम तसेच ठेवले असते तर बरे झाले असते, अशी हळहळ व्यक्त केली. पाच-सहा हातांसाठी एवढा पश्चात्ताप करणारा हा खलिफा आणि त्याचे दरबारी हजार किलोमीटरांबद्दल मात्र एक चकार शब्द काढायचे विसरले, असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी पेट्राचा नकाशा उघडावा.